फोन वाजायची वाट अजून किती वर्षं बघायची?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा ३२ वर्षांचा बास्केटबॉल खेळाडू, पॉइंट गार्ड म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, उंची १८८ सेंमी. आईवडील मराठी, वाढला अमेरिकेत, कॉलेजमध्ये चार वर्षं खेळला, एनबीए या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात त्यात, नाव आलं नाही म्हणून परदेशात खेळायला गेला आणि आजवर नऊ सीझन, आठ क्लब, सहा देश झाले. बहुतेक युरोपातल्या छोट्या लीग, एक वर्ष आशियात. लग्न झालंय, पाच वर्षांची मुलगी आहे, आधी दोघी त्याच्याबरोबर असायच्या, गेली दोन वर्षं मुलीच्या शाळेमुळे घरी असतात. शेवटच्या क्लबने तीन महिन्यांचा पगार दिलेला नाही. एजंट म्हणतो गप्प बस, नाव खराब होईल, अजून एक चांगला सीझन काढ मग मोठ्या लीगचं बघू. इकडे कॉलेजच्या जुन्या कोचने असिस्टंट कोच म्हणून बोलावलंय, त्याला जूनअखेर उत्तर हवंय. आणि मोठा भाऊ प्रत्येक फोनवर विचारतो, "अजून खेळतोयस?" त्याचे प्रश्न तीन. ताई, मी एनबीएपर्यंत पोचलो नाही म्हणजे एवढी वर्षं वाया गेली का? अजून एक वर्ष खेळू की थांबू? आणि अडकलेल्या पैशांचं काय करू?

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरली. ड्राफ्टची ती एक रात्र, टीव्हीसमोर बसलेलं सगळं घर, नावं संपल्यावर आई काय म्हणाली, बाबा कसे उठून आत गेले, हे सगळं मिळून दीड पान. आणि त्यानंतरची नऊ वर्षं चार ओळीत. नऊ वर्षं ज्याने आठ गावांत जाऊन घर लावलं, दरवर्षी नवीन कोच, नवीन प्ले म्हणजे ठरलेल्या चाली, नवीन भाषा शिकला, दुखऱ्या गुडघ्यावर खेळला, तो माणूस ते चार ओळीत उरकतो, कारण त्याला आतून वाटतं की खरी गोष्ट अजून सुरूच व्हायची होती आणि हा सगळा वेटिंग रूममधला वेळ होता. मला आधी इथेच थांबायचंय, जूनचं आणि पैशांचं नंतर बोलू.

एनबीएपर्यंत पोचलो नाही असं तू लिहितोस. बरं, तिथे जागा किती असतात? टीम ३०, प्रत्येकीच्या रेग्युलर जागा १५ म्हणजे ४५०, आणि टू-वे कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे थोडं एनबीएत आणि थोडं खालच्या लीगमध्ये खेळायच्या, तीन-तीन धरल्या तर अजून ९०. त्या आधीच भरलेल्या असतात, दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. ड्राफ्ट दोनच राउंडचा, साठेक नावं, त्यात बाहेरच्या देशातली मुलंही असतात. आणि कॉलेजच्या नुसत्या पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेच्या वर टीम आहेत, म्हणजे दर वसंतात शेवटचं वर्ष संपवून बाहेर पडणारी मुलंच हजाराच्या वर. त्यातल्या बहुतेकांना पुढे कोणीही खेळायचे पैसे देत नाही. तुला नऊ वर्षं लोकांनी विमानाचं तिकीट पाठवून बोलावलं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, हा साधा हिशोब आहे आणि तो तू कधी मांडलेलाच नाहीस, कारण त्या रात्री जी मोजपट्टी हातात आली तीच घेऊन तू अजून फिरतोयस.

इम्पोर्ट म्हणून, परदेशी खेळाडू म्हणून खेळणं म्हणजे काय हे घरच्यांना कळत नाही, तुझ्या भावालाही कळलेलं नसणार, म्हणून हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं लिहिते. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते, दोन, तीन, चार, जसा देश तशी. त्या मोजक्या जागांपैकी एक तुझी. लोकल मुलगा चार पॉइंट करून घरी गेला तर कोणी काही म्हणत नाही, तू सलग दोन मॅच चार-चार पॉइंट केलेस की मॅनेजरचा एजंटला फोन जातो आणि तुझ्या जागी यायला दुसरा कुणीतरी घरी बॅग भरून बसलेलाच असतो. ऑगस्टमध्ये गावात पोचायचं, मेडिकल द्यायची, तीन-चार आठवड्यांत सगळे प्ले पाठ करायचे, ज्या टीममेटशी नीट बोलताही येत नाही त्याला बॉल कुठे हवा असतो ते ओळखायचं, आणि ऑक्टोबरमध्ये टीम हरायला लागली की पहिला दोष तुझा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. यात नऊ वर्षं टिकणं हे वेगळंच कौशल्य आहे. तू पहिल्या दोन-तीन वर्षांत कट झाला असतास तर कुणाला नवल वाटलं नसतं.

आणि या धंद्यात किती गोष्टी खेळाडूच्या हातात नसतात ते बघ. कोरियाच्या केबीएल लीगने २०१८-१९ च्या सीझनसाठी नियम केला की परदेशी खेळाडू २०० सेंमीपेक्षा उंच नको, आणि दोनपैकी एक तर १८६ च्या आतला हवा. डेव्हिड सायमन तेव्हा त्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट करत होता, त्याला उभं करून मोजलं, २०२.१ भरला, गेला परत. दोन सेंटिमीटर! पुढच्या वर्षी तो नियमच काढून टाकला. आता याच्यात सायमन कुठे कमी पडला ते मला सांग. तुझ्याच आशियातल्या वर्षाबद्दल तू लिहिलंयस की नियम बदलला आणि जागा गेली, आणि पुढच्याच वाक्यात लिहितोस "मी तिथे सिद्ध करू शकलो नाही". ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी बसत नाहीत रे.

पासपोर्टचंही तसंच. युरोपियन कोर्टाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपियन युनियनमधल्या खेळाडूला युनियनमधल्या दुसऱ्या देशात परका म्हणून अडवता येत नाही, अमेरिकन पासपोर्टवाला मात्र परकाच. त्यामुळे तुझ्याइतकाच किंवा तुझ्यापेक्षा थोडा कमी गार्ड, आजीच्या बाजूने कुठला युरोपियन पासपोर्ट असेल तर त्याला जास्त दारं उघडी असतात. काही जणांना एखादा देश नॅशनल टीमसाठी पासपोर्ट देतो. बो मॅककॅलेब न्यू ऑर्लिन्सचा, मॅसेडोनियाकडून खेळला आणि २०११ च्या युरोबास्केटमध्ये, देशांच्या युरोपियन स्पर्धेत, त्या छोट्याशा देशाला चौथ्या नंबरपर्यंत घेऊन गेला. पण नॅशनल टीममध्ये असा एकच खेळाडू चालतो, म्हणजे ती लॉटरी झाली, प्लॅन नाही. सांगायचं एवढंच की तुझ्या पगाराचा आकडा आणि लीगचा दर्जा हे तुझ्या खेळाचं मार्कशीट नाहीये, त्यात पासपोर्ट, उंची, वय, एजंटच्या ओळखी, आणि त्या आठवड्यात कुणाचा घोटा मुरगळला हे सगळं मिसळलेलं असतं.

आता एजंटच्या वाक्याकडे येते. "अजून एक चांगला सीझन, मग मोठी लीग." हे तो तुला कितव्या वर्षापासून सांगतोय? तूच लिहिलंयस की चौथ्या वर्षीही हेच म्हणाला होता. मी त्याला खोटारडा म्हणत नाही, त्याचं पोट कॉन्ट्रॅक्टच्या टक्केवारीवर चालतं, तू सही केलीस तर त्याला मिळतं, तू कोच झालास तर काही मिळत नाही, त्यामुळे तो मनापासून बोलला तरी त्याचं मन एका बाजूला झुकलेलं असणारच. आणि अशा वेळी तो जी नावं घेतो ती मला पाठ आहेत, तुलाही असतील. पी. जे. टकर, एनबीएच्या टोरंटोने सोडला, मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा पाच वर्षं फिरला आणि २०१२ ला फिनिक्समध्ये परत आला, २०२१ ला तर मिलवॉकीबरोबर चॅम्पियन. पाब्लो प्रिजिओनी ३५ व्या वर्षी एनबीएचा रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा नवखा. आंद्रे इंग्राम दहा वर्षं एनबीएच्या खालच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये घासून ३२ व्या वर्षी, तुझ्याच वयाला, एप्रिल २०१८ मध्ये एनबीएत लेकर्सकडून उतरला आणि पहिल्याच मॅचला १९ पॉइंट.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला तिन्ही आवडतात. पण जरा नीट बघ. टकर परत आला तेव्हा २७ चा होता. प्रिजिओनी ३५ चा होता खरा, पण तो त्याआधी कितीतरी वर्षं स्पेनच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आणि युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या वरच्या क्लबांच्या स्पर्धेत, खेळत होता आणि २००८ चं ऑलिंपिक ब्राँझ त्याच्या गळ्यात होतं, त्याला शोधून काढावं लागलं नाही. आणि इंग्रामच्या त्या रात्रीची बातमी जगभर झाली ती ती गोष्ट सहसा घडत नाही म्हणूनच. या गोष्टी ऐकून सकाळी जिमला जायला बळ येत असेल तर जरूर ऐक, फक्त त्यांच्यावर मुलीच्या शाळेचा निर्णय घेऊ नकोस.

मला विचारशील तर तू काइल हाइन्सची गोष्ट जास्त वाच. १९८ सेंमी उंचीचा सेंटर, बास्केटजवळ खेळणारा, म्हणजे त्या जागेसाठी बुटकाच. २००८ ला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वेरोलीला गेला, मग जर्मनीत बामबर्ग, मग ऑलिंपियाकोस, सीएसकेए मॉस्को, शेवटी मिलान. युरोलीग चार वेळा जिंकला, २०१२, २०१३, २०१६, २०१९. एनबीएची एकही मॅच नाही. आणि युरोपात कुठल्याही बास्केटबॉलवाल्याला विचार हाइन्स कोण, तो उभा राहून सांगेल. तुझी आणि त्याची बरोबरी मी करत नाही, तो तुझ्यापेक्षा फार वर पोचला. मला दाखवायचंय ते त्याने कुठे बघितलं ते. तो जिथे होता तिथेच घर मांडून खेळला, नजर सारखी दुसरीकडे नव्हती. तू तुझ्या तिसऱ्या वर्षाबद्दल एक ओळ लिहिली आहेस, त्या छोट्या गावातल्या क्लबबद्दल, जिथे दुकानदार पैसे घ्यायचा नाही आणि तुमची टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली. एकच ओळ! माझी विनंती आहे की त्याच्यावर दीड पान लिही. मला पाठवू नकोस हवं तर, मुलीसाठी ठेव.

आता खेळू की थांबू.

तू हा प्रश्न दोन दारांचा करून टाकलायस, खेळणं म्हणजे कुटुंबापासून लांब आणि थांबणं म्हणजे घरी. मला दोन्ही दारांबद्दल शंका आहे. असिस्टंट कोचचं काम म्हणजे संध्याकाळी सहाला घरी, असं तू धरून चाललायस. कॉलेजचा असिस्टंट कोच रिक्रूटिंगसाठी आठवडे आठवडे फिरतो, रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ कापत बसतो, आणि हेड कोचला काढलं की सोबत त्यालाही बहुतेक वेळा सामान बांधावं लागतं. म्हणजे तेही फिरस्तंच, फक्त पासपोर्ट लागत नाही. त्यामुळे जुन्या कोचला हो म्हणायच्या आधी स्पष्ट विचार, वर्षातल्या किती रात्री बाहेर, कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं की दोन, पगार किती, फॅमिलीला हेल्थ इन्शुरन्स आहे का, आणि त्याचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट अजून किती वर्षं आहे. हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटेल, तरी विचार, चांगला कोच चिडणार नाही.

आणि दुसरीकडे, खेळणं म्हणजे लांबच राहायला हवं असंही नाही. आजवर तू दर उन्हाळ्यात फोन वाजायची वाट बघितलीस आणि जो पहिला बरा फोन आला तिथे गेलास. जून शांत, जुलैत दोन-तीन चौकशा, ऑगस्टमध्ये घाबरून सही. यावर्षी उलट कर. तुझ्या अटी आधी कागदावर लिही, बायकोबरोबर बसून, आणि एजंटला दे. दोघींसकट राहता येईल असं घर आणि तिघांची तिकिटं कॉन्ट्रॅक्टमध्ये, मुलीला चालेल अशी शाळा त्या गावात, पूर्ण सीझनची गॅरंटी, ट्रायआउटवर जाणार नाही, दुखापत झाली तरी पगार चालू. आणि क्लब वेळेवर पैसे देतो की नाही हे एजंटला विचारायचं नाही, गेल्या तीन सीझनमध्ये तिथे जे इम्पोर्ट खेळले त्यांना स्वतः मेसेज करायचा. तुमच्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात, एका संध्याकाळचं काम आहे. एजंटला सांग की मोठी लीग म्हणजे नक्की कुठली आणि कुठला क्लब तुझ्याबद्दल बोललाय ते नावानिशी सांग, नाहीतर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आपण बरीच वर्षं जेवलो.

अडचण तारखेची आहे, कोचला उत्तर जूनअखेर हवंय आणि क्लबचा बाजार जुलै-ऑगस्टला तापतो, तुझं तळ्यात-मळ्यात यामुळेच चाललंय हे मला समजतंय. माझं मत विचारलंस म्हणून सांगते. २५ जूनपर्यंत तुझ्या अटींमध्ये बसणारी लेखी ऑफर हातात असेल तर एक वर्ष अजून खेळ, शेवटचं वर्ष आहे हे स्वतःला सांगून खेळ, कारण तुझे पाय अजून चांगले आहेत असं तूच म्हणतोस आणि ज्याचा निरोप घ्यायचाय ते माहीत असलं की माणूस वेगळ्या मनाने खेळतो. नसेल तर कोचला हो म्हण, आणि मग जुलैत फोन वाजला तरी हो बदलू नकोस. वय ३२ झालेला गार्ड अचानक वरच्या लीगमध्ये गेला असं होतं कधीतरी, पण क्लब पैसे लावतात ते २५ वर्षांच्या पोरावर, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

पण हे सगळं मी तुझ्याशी बोलतेय आणि तुझ्या पत्रात एक माणूस बोलतच नाही. तुझी बायको. तिचं काम, तिचं गाव, पाच वर्षांच्या मुलीला तिने गेली दोन वर्षं एकटीने सांभाळलं, एवढं तू लिहितोस, तिला काय हवंय हे कुठेच नाही. "ती माझ्या निर्णयाच्या बाजूने आहे" असं एक वाक्य आहे, पण कुठल्या निर्णयाच्या, तुझा तर झालेलाच नाही. मी अशी कितीतरी पत्रं वाचली आहेत, खेळाडूंचीच नाही, जहाजावरच्या लोकांची, गल्फमधल्या लोकांची, त्यात घरी राहिलेलं माणूस हो म्हणतं कारण त्याला वाटतं नाही म्हटलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल की तुझ्यामुळे सोडलं. तिला मत विचारू नकोस, मत ती तुझ्या चेहऱ्याकडे बघून देईल. तिला पुढचं वर्ष कसं दिसतं ते विचार, सोमवार ते रविवार, कोण मुलीला शाळेत सोडतंय, ती कुठे काम करतेय, आणि मग गप्प बसून ऐक. व्हिडिओ कॉलवर नको, आत्ता तू घरी आहेस, समोर बसून.

आता पैसे. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तीन महिन्यांचा पगार हा क्लबने तुझ्यावर केलेला उपकार नाही की मिळाला तर मिळाला. एजंट म्हणतो पाण्यात राहून माशाशी वैर नको. पण या कामासाठीच बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबाने एक ट्रिब्युनल उभं केलंय, बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल, बीएटी म्हणतात. २००७ पासून त्याचं काम चालू आहे, आधी नाव फॅट होतं, २०११ ला बदललं. जिनिव्हा हे त्याचं ठिकाण, कारभार इंग्लिशमध्ये, एकच आर्बिट्रेटर म्हणजे लवाद निर्णय देतो, बहुतेक सगळं कागदपत्रांवर होतं त्यामुळे तुला कुठे जाऊन उभं राहावं लागत नाही, आणि तो त्या देशाच्या कायद्याचा कीस न पाडता न्याय्य काय ते बघतो. निकाल लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत तर फिबा त्या क्लबला नवीन खेळाडू रजिस्टर करायला बंदी घालू शकते, आणि हे हत्यार खरं आहे, कारण सप्टेंबरमध्ये नवीन इम्पोर्ट घेता येत नाही म्हटल्यावर क्लबवाल्यांना अचानक बँकेचा रस्ता सापडतो.

पण एक अट आहे, मोठी अट. तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बीएटीचा क्लॉज असायला हवा, वाद झाला तर तिथे जाऊ असं दोघांनी सही करून मान्य केलेलं हवं. क्लॉज नसेल तर त्या देशातल्या कोर्टाची वाट धरावी लागते आणि ती लांबची आणि परक्या भाषेतली असते. फी भरावी लागते, रकमेप्रमाणे कमीजास्त, आणि केस दाखल करायची ती फी परत मिळत नाही, त्यामुळे आधी हिशोब कर, पण तीन महिन्यांचा पगार आहे, सोडून द्यायची रक्कम नाही. तोवर क्लबला साध्या भाषेत ईमेल कर, इतके महिने, इतकी रक्कम, या तारखेपर्यंत द्या. व्हॉट्सअॅपवर "ब्रदर प्लीज" लिहीत बसू नकोस. मॅनेजरने ज्या ज्या मेसेजमध्ये "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हटलंय ते सगळे सेव्ह कर, तोच तुझा पुरावा, त्यात त्याने पैसे देणं आहे हे कबूल केलेलं असतं. आणि मॅनेजरने तुला जी धमकी दिली की लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायला लागणारं परवानगीचं पत्र, देणार नाही, तिला घाबरू नकोस. ते लेटर क्लब देत नाही, तिथलं नॅशनल फेडरेशन देतं, आणि ते अडवायला कारण एकच चालतं की तुझं कॉन्ट्रॅक्ट अजून बाकी आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट सीझन संपताच संपलं.

नाव खराब होईल का? एखादा क्लब नाक मुरडेल. पण जो क्लब थकलेला पगार मागितला म्हणून नाक मुरडतो तो पुढे काय करणार ते तुला आत्ताच कळलं, बरंच झालं.

अजून एक, टॅक्सचं, कारण तू जाता जाता लिहिलंयस की पगार "नेट" असल्याने टॅक्सचा विचार कधी केला नाही. अरे बाबा, कर. नेट म्हणजे त्या देशाचा टॅक्स क्लबने भरायचा, पण तू अमेरिकन नागरिक आहेस आणि अमेरिका जगात कुठेही कमावलेल्या पैशाचं रिटर्न मागते. परदेशातली कमाई वगळायची सवलत आहे, तिची एक वाट अशी की सलग १२ महिन्यांत पूर्ण ३३० दिवस अमेरिकेबाहेर असायला हवं. म्हणजे आत फक्त महिन्याभराची मुभा. तू मे अखेरीला घरी येतोस आणि ऑगस्टला जातोस, तिथेच गणित फसतं. परक्या देशाचा रहिवासी म्हणून दुसरी वाट आहे, आणि तिथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिटही मिळतं, पण त्यासाठी क्लबने तुझ्या नावाने टॅक्स खरंच भरला याचा कागद हवा. प्रत्येक क्लबकडून तो कागद माग, जुन्या क्लबकडूनही. जे क्लब पगार थकवतात ते टॅक्स भरत असतील यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. परदेशी कमाईचं काम करणारा एखादा सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सीए, गाठ, या महिन्यातच.

हे वाचणाऱ्यांत कुणी २२ वर्षांचा किंवा २२ वर्षांची असेल, पहिल्यांदा बाहेर खेळायला निघालेली, तर तुमच्यासाठी एवढंच की कॉन्ट्रॅक्टची सही झालेली इंग्लिश कॉपी स्वतःजवळ ठेवा, एजंटकडे आहे म्हणून चालत नाही. बीएटीचा क्लॉज शोधा. पगार अमुक दिवस लांबला तर प्रॅक्टिस थांबवता येते आणि कॉन्ट्रॅक्ट सोडून जाता येतं असं कलम बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं, ते आहे का बघा, किती दिवस ते बघा. आणि सीझन संपल्यावर घरी आल्यापासून पुढचं कॉन्ट्रॅक्ट सुरू होईपर्यंत तुमचा इन्शुरन्स कोण देतंय ते विचारा, कारण गुडघे समरच्या ओपन जिममध्येही जातात.

भावाचं राहिलं. "अजून खेळतोयस?" हा प्रश्न तुला टोचतो कारण त्यात तुला "अजून मोठा झाला नाहीस" असं ऐकू येतं. असेलही तसं. पण त्याने तुझी एक तरी मॅच गावात येऊन बघितली आहे का? पत्रावरून वाटतं की घरातलं कुणीच आलं नाही, तिकिटं महाग, सुट्टी नाही, आणि तूही कधी बोलावलं नाहीस कारण तुला ते सगळं दाखवण्यासारखं वाटलं नाही. यावर्षी खेळणार असशील तर बोलाव त्याला. चार दिवस ये म्हणावं. त्या छोट्या हॉलमध्ये दीड-दोन हजार माणसं ढोल वाजवत तुझं नाव घेतात, मराठी आडनाव वेड्यावाकड्या उच्चारात, ते त्याला एकदा ऐकू दे. बाबांनाही आण. तेही ड्राफ्टच्या रात्रीच अडकलेत असं मला वाटतं.

आज मात्र हे काहीच करू नकोस. आज ते कॉन्ट्रॅक्ट शोध, बहुतेक शेवटच्या पानांवर वाद मिटवण्याचं कलम असतं, तिथे बीएटीचं नाव आहे का बघ, आणि असेल नसेल ते मला दोन ओळीत कळव.